पाणी हिरवंगार, खाणारे उपाशी

थेंबभर (धागाकर्ती):

ऑक्टोबर हीट सुरू झाली की आपल्याकडच्या, म्हणजे नागपूरच्या तलावांचं पाणी रंग बदलायला लागतं. फुटाळा असो, सोनेगाव असो की गांधीसागर, वारा ज्या काठाला ढकलतो तिथे पोपटी थर साचतो, दुपारी त्याला वास सुटतो आणि फिरायला आलेल्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "चला, माशांची चंगळ झाली!" शाळेतली अन्नसाखळी सगळ्यांच्या डोक्यात पक्की बसली आहे ना. शैवाल, ते खाणारे बारीक जीव, त्यांना खाणारे छोटे मासे, मग मोठे मासे. खालची पायरी भरली की वरच्या आपोआप भरणार.

भरत नाहीत. उलट मधली पायरीच रिकामी होते. ती का, यावर हा धागा.

मी ज्युनियर कॉलेजला बायॉलॉजी शिकवते, घरी एक साधा मायक्रोस्कोप आहे. अशा थराजवळचं पाणी जाळीतून गाळून काचपट्टीवर घेतलं की आधी दिसतात ते वेडेवाकडे, मधे भोकं पडलेले पुंजके. भिंग वाढवलं की कळतं, एकेक पुंजका म्हणजे शेकडो गोल पेशी, सगळ्या एकाच बुळबुळीत आवरणात. पेशीत काळपट ठिपके दिसतात, ते हवेचे कप्पे, त्यांच्यामुळे हे प्रकरण वर तरंगतं. याचं नाव मायक्रोसिस्टिस. सवयीने आपण शैवाल म्हणतो, पण जात जिवाणूंची, सायनोबॅक्टेरिया. काचपट्टीच्या कडेला एखादा सायक्लॉप्स झटका मारून पळतो, चारदोन रोटिफर गरगरत असतात, दोन्ही पाण्यातले बारीक प्राणी. पण डॅफ्नियाच्या, म्हणजे पाणपिसवांच्या कुळातले, ज्यांच्या काचेसारख्या कवचातून हृदय धडधडताना दिसतं, पोटातली अंडी मोजता येतात, ते शोधावे लागतात. आणि सापडलाच एखादा तर त्याचं आतडं बघा. नेहमी हिरवं गच्च भरलेलं असतं, ते इथे फिकट, अर्धं रिकामं. चहूबाजूंनी हिरव्या पाण्यात असूनही!

कारण त्याच्या खाण्याच्या पद्धतीत आहे. डॅफ्निया घास निवडत नाही. दोन झापांच्या कवचात पाय सतत हलत असतात, पाणी आत ओढलं जातं, पायांवरच्या केसांच्या गाळणीत जे अडकेल ते गोळा होऊन तोंडाकडे सरकतं. आता या पाण्यात तीन भानगडी आहेत.

पहिली, आकार. मायक्रोसिस्टिसची सुटी पेशी पाच मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, म्हणजे खायला अगदी बेताची. पण पुंजका शेकडो मायक्रॉनचा होतो, नुसत्या डोळ्यांना कण दिसतो. तो आत जातच नाही. अ‍ॅनाबिनासारख्या जातींचे लांब धागे असतात, ते गाळणीत गुंततात. मग डॅफ्निया शेपटीकडच्या नखीने सगळा घास बाहेर खरवडून टाकतो, आणि त्यात अडकलेलं चांगलं अन्नही जातं. शिवाय धागे फार झाले की कवचाची फट बारीक करून घेतो. म्हणजे खाणंच कमी.

दुसरी, विष. मायक्रोसिस्टिन हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं. पेशींतलं कामकाज चालू-बंद करणारी काही एन्झाइम्स असतात, प्रोटीन फॉस्फेटेज, त्यांना हे चिकटून बसतं. आपल्यात त्याचा फटका यकृताला, डॅफ्नियाच्या आतड्याच्या अस्तराला. त्याच्या जोडीला दुसरी रसायनं आहेत, ती ट्रिप्सिनसारखी पाचक एन्झाइम्सच अडवतात. खाल्लं तरी पचत नाही.

तिसरी, निकृष्ट अन्न. याच्याबद्दल फार कमी बोललं जातं आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. डॅफ्नियाला स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवता येत नाही, कुठल्याच किड्या-खेकड्याला येत नाही. ते अन्नातल्या स्टेरॉलपासून (कोलेस्टेरॉलच्याच जातीचे पदार्थ) मिळवावं लागतं. सायनोबॅक्टेरियात स्टेरॉल जवळपास नसतातच. लांब साखळीची ओमेगा-३ मेदाम्लंही नसतात. त्यामुळे समजा पुंजका सुटला, जात बिनविषारी निघाली आणि पोट भरून खाल्लं, तरी कात टाकून वाढणं आणि अंडी घालणं रखडतं.

बातम्यांत फक्त 'विषारी शेवाळ' येतं, बाकीच्या दोन गोष्टी राहून जातात. म्हणून म्हटलं लिहावं. प्रश्न, शंका, भांडण, सगळ्याचं स्वागत.

मोइनावाला:

ताई, झकास धागा. मी फायटर आणि गप्पी माशांच्या पिल्लांसाठी गच्चीवर टबात मोइना पाळतो, डॅफ्नियाचीच बारकी बहीण. आमचं सगळं काम हिरव्या पाण्यावरच चालते. हिरवं पाणी टाकलं की मोइना भसाभसा वाढते. मग तुमच्या हिशेबानं तर ती मरायला पाहिजे होती न?

बाकी ते पुंजक्याचं समजलं. ताटात तांदूळ वाढला खरा, पण पोत्यासकट.

थेंबभर:

पोत्यासकट! हे वर्गात वापरणार.

तुमच्या टबातलं हिरवं पाणी वेगळं. ते बहुतेक क्लोरेला किंवा सीनेडेस्मस, म्हणजे खरी हिरवी शैवालं. सुट्या बारीक पेशी, स्टेरॉल आहेत, पचतात. तुम्ही लोक मोइनाला यीस्टही घालता ना? यीस्टमध्ये अर्गोस्टेरॉल असतं. दोन्ही 'हिरवं पाणी'च दिसतं, पण एकात जेवण आहे आणि दुसऱ्यात नाही.

तलावाचं पाणी टबात ओतण्याआधी एक करून बघा. काचेच्या बरणीत भरून, न हलवता, सावलीत तासभर ठेवा. हिरवं वर येऊन तोंडाशी कडं धरलं तर हवेचे कप्पेवालं, म्हणजे संशय घ्या. खाली बसलं किंवा सारखंच पसरून राहिलं तर बहुधा हिरवी शैवालं. यावरून विष आहे की नाही ते मात्र कळत नाही. विषारी आणि बिनविषारी मायक्रोसिस्टिस मायक्रोस्कोपखालीही सारखेच दिसतात, एकाच पाण्यात शेजारी शेजारी असतात.

शंकासुर:

लेख चांगला, पण एक गोष्ट गृहीत धरल्यासारखी वाटली. हे विष खाणाऱ्यांना हाकलण्यासाठीच तयार झालं, बरोबर? निसर्गातलं हत्यार. तसं असेल तर डॅफ्निया मेल्यावर विषाची गरज संपायला हवी. मग एवढा खर्च करून बनवत का राहतात?

थेंबभर:

तसं मी लिहिलेलं नाही, पण प्रश्न नेमका आहे.

मायक्रोसिस्टिन बनवणाऱ्या जनुकांची वंशावळ २००४ मध्ये तपासली गेली. ती जनुकं फार जुनी निघाली, डॅफ्नियासारखे प्राणी पृथ्वीवर यायच्या कितीतरी आधीची. म्हणजे मूळ काम वेगळंच असणार. पेशीच्या आत लोहाशी, प्रकाशाच्या ताणाशी त्याचा संबंध असावा असे तर्क आहेत. खाणाऱ्याला बाधतं हा नंतर मिळालेला फायदा. अर्थात तो फायदा खराच आहे, डॅफ्निया आसपास असल्याची चाहूल पाण्यातल्या रसायनांवरून लागली की काही वाणांत विष वाढलेलं प्रयोगांत दिसलं आहे.

आणि एक सुंदर प्रयोग. १९९७ मध्ये बर्लिनच्या गटाने मायक्रोसिस्टिसच्या एका वाणातलं विषाचं जनुक मोडून टाकलं. दोन वाण, फरक फक्त विषाचा. मग १९९९ मध्ये डॅफ्नियाला दोन्ही खायला घातले. विषवाल्यावर डॅफ्निया पटापट मेले, ते अपेक्षितच. पण बिनविषारी वाणावरही त्यांनी खाणं तेवढंच आवरतं घेतलं! म्हणजे मारतं मायक्रोसिस्टिन, पण तोंड मिटायला लावतं दुसरंच काहीतरी.

शंकासुर:

हे पटलं. 'हत्यार' शब्द मागे घेतो, निम्मा.

धंतोलीची काकू:

मला तुमच्या त्या पिसवांचं फारसं कळलं नाही बाई, पण आमच्या नळाला काय येतं ते सांगा. उकळून प्यायलं तर चालेल ना? आणि आमचा टॉमी फुटाळ्यावर नेला की पाण्यात शिरल्याशिवाय राहत नाही.

थेंबभर:

काकू, नागपूरच्या नळाला पेंच आणि कन्हानचं पाणी येतं, फुटाळा-सोनेगावचं नाही. पण उकळण्याबद्दल विचारलंत ते बरं केलं. मायक्रोसिस्टिन उकळून जात नाही. उलट पेशी फुटून आतलं विष पाण्यात उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, तीही रोज, आयुष्यभर पिण्याच्या हिशेबाने.

टॉमीला मात्र थर दिसेल तिथे अजिबात सोडू नका. कुत्री पाणी पितात आणि नंतर अंग चाटतात, अंगावरचा थर पोटात जातो. जनावरं मरण्याची पहिली प्रसिद्ध नोंदच अशी आहे, ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर थर आलेलं पाणी पिऊन गुरं-मेंढ्या मेल्या, १८७८ मध्ये 'नेचर'मध्ये छापून आलं होतं.

मामातलाव:

ताई नमस्कार. मी भंडारा साइडचा. आमच्या मच्छीमार सोसायटीकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव लीजवर आहे. रोहू, कटला, मृगळची बोटुकली सोडतो. दोन हंगामापासून पाणी हिरवंकच्च होते अन् कटला वजनच धरत नाही. रोहू त्यापेक्षा बरा. पहाटे मासे वर येऊन तोंड मारत राहतात, कधी पांढरे होऊन काठाला लागतात. एका खतवाल्यानं सांगितलं मोरचूद टाका, साफ होते. टाकू का?

थेंबभर:

दादा, मोरचूद टाकू नका. आधी हे, मग बाकीचं.

मोरचुदाने सायनोबॅक्टेरिया मरतात हे खरं. पण मरताना पेशी फुटतात आणि तोवर आत कोंडलेलं विष एकदम पाण्यात सुटतं. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पाम आयलंडवर हेच झालं. पाण्याला वास येतो म्हणून धरणात मोरचूद टाकलं, काही दिवसांत १४८ माणसं आजारी पडली, त्यांतली १३८ मुलं. शिवाय तांब्याचा सर्वांत जास्त त्रास होतो तो डॅफ्नियासारख्यांनाच. म्हणजे शैवाल पुन्हा उगवेल तेव्हा ते खाणारे आधीच साफ झालेले असतील. मेलेला सगळा माल तळाशी सडून ऑक्सिजन खाईल ते वेगळंच.

कटला वजन धरत नाही यात तुमचं निरीक्षण अचूक आहे. कटला वरच्या थरात फिरून प्राणिप्लवक, म्हणजे हेच बारीक जीव खातो. तेच घटले तर तो उपाशी. रोहू वेगळ्या थरात, वेगळं खातो, म्हणून तो तग धरतो.

पहाटेचं कोडं ऑक्सिजनचं आहे. दिवसा हे शैवाल भरपूर ऑक्सिजन सोडतं, रात्री स्वतःच श्वासासाठी वापरतं, उजाडायच्या आधी पाण्यात काही उरत नाही. ढगाळ दिवसानंतरची पहाट सगळ्यात वाईट. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, असेल तर तो रात्री चालवा. आणि त्या आठवड्यात खत, शेण, कोंडा काहीही घालू नका. मेलेले मासे विकायला किंवा खायला नेऊ नका, विष यकृतात आणि आतड्यात साठतं.

मामातलाव:

शेण तर दर महिन्याला टाकत होतो जी. प्लवक वाढते म्हणून सांगितलं होतं ट्रेनिंगमध्ये.

थेंबभर:

वाढतंच, स्वच्छ तळ्यात. तुमच्या तलावात गावचं सांडपाणी येतं का? येत असेल तर फॉस्फरस आधीच भरपूर आहे, वर शेण म्हणजे मायक्रोसिस्टिसला आमंत्रण. जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयाकडून पाणी तपासून घ्या आणि मगच ठरवा.

लेंडीनाला:

सिल्व्हर कार्प सोडले तर? ते शैवालच खातात ना. चीनमध्ये केलंय म्हणे.

थेंबभर:

वुहानच्या डोंगहू सरोवरातून १९८५ च्या सुमारास हा थर गायब झाला आणि त्याचं श्रेय सिल्व्हर आणि बिगहेड कार्पना दिलं जातं, हो. पण तिथे मासे प्रचंड संख्येने होते. आणि सिल्व्हर कार्प शैवालाबरोबर प्राणिप्लवकही गाळून खातो, म्हणजे उरलेसुरले डॅफ्नियाही गेले. भरीस भर, बुळबुळीत आवरणामुळे मायक्रोसिस्टिसच्या बऱ्याच पेशी माशाच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडतात. मासळी मिळेल, पाणी निवळेलच असं नाही.

जुना_बॅकबेंचर:

मी लिम्नॉलॉजीत, म्हणजे तलावांच्या शास्त्रात एम.एस्सी. केलं, आता बँकेत आहे, तरी खाज गेली नाही. एक भर घालतो.

युरोपात कॉन्स्टन्स सरोवर आहे, जर्मनी-स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या मधोमध. १९६०-७० च्या दशकांत सांडपाण्यामुळे तिथे फॉस्फरस वाढला, सायनोबॅक्टेरिया वाढले. डॅफ्निया दिवस वाईट आले की टणक कवचातली अंडी घालतो, ती तळाच्या गाळात पडतात आणि दशकानुदशकं जिवंत राहतात. संशोधकांनी गाळाचा उभा गाभा काढला, थराथरातली अंडी उबवली आणि जुन्या-नव्या काळातले डॅफ्निया एकाच वेळी जिवंत करून मायक्रोसिस्टिसवर वाढवले. प्रदूषणाआधीच्या काळातल्यांची वाढ त्यावर बेक्कार खुंटली, नंतरच्यांची मात्र त्या मानाने बरीच कमी खुंटली. थोड्या वर्षांत अख्खी जमात तयार झाली होती! १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये आलं. मला विचाराल तर उत्क्रांतीचं याहून देखणं उदाहरण नाही.

म्हणजे आशा आहे. आपल्याकडचेही शिकतील.

थेंबभर:

वा, हे तुम्ही लिहिलंत ते फार छान झालं. पण आशेला जरा ब्रेक लावते.

कॉन्स्टन्स थंड आणि खोल आहे. आपले तलाव उथळ, मे महिन्यात पाणी कोमट, आणि मायक्रोसिस्टिसला पंचविसाच्या वरचं तापमान मानवतं. दुसरं, आपल्याकडे मोठा डॅफ्निया मुळात कमी. तिलापिया आणि बारकी मासळी वर्षभर पिल्लं घालते, मोठा दिसणारा प्राणी आधी टिपते. उरतात मोइना, सिरिओडॅफ्निया, डायफॅनोसोमा अशा बारक्या जाती. त्यांच्या बारीक फटीत धागे कमी शिरतात म्हणून तग धरतात, पण पुंजके खाऊन पाणी निवळवण्याची ताकद त्यांच्यात नाही. सहनशील झाले तरी घास तोंडापेक्षा मोठाच.

कोपेपॉडांचं, म्हणजे सायक्लॉप्सच्या कुळातल्यांचं तर आणखी मजेशीर. ते डॅफ्नियासारखे आंधळेपणाने गाळत नाहीत, एकेक कण पकडून चव घेतात आणि विषारी सोडून देतात. ऐकायला हुशारी, पण परिणाम काय? ते चांगली हिरवी शैवालं वेचून खातात, म्हणजे मायक्रोसिस्टिसच्या स्पर्धकांचाच काटा काढतात.

जुना_बॅकबेंचर:

मान्य. पण आईने विषारी अन्न खाल्लं असेल तर पिल्लं जास्त टिकतात, हेही दिसलंय. एकदम हात झटकू नका.

आणि प्रयोगशाळेतले आकडे तलावाला जसेच्या तसे लावू नका, हे तुमच्या बाजूने सांगतो. फ्लास्कमध्ये वाढवलं की मायक्रोसिस्टिस पुंजके सोडून देतो, सुट्या पेशींत राहतो. म्हणजे प्रयोगातला डॅफ्निया जेवढं विष गिळतो तेवढं तलावातला गिळतच नाही. तिथे विषबाधा जास्त, इथे उपासमार जास्त.

थेंबभर:

हो, नेमकं. आणि हात झटकत नाहीये. दुसरा रस्ता आहेच. थर मरून सडायला लागला की जिवाणू त्यावर तुटून पडतात, पुंजके सुटतात, तो चुरा मोइना खाऊ शकते. जपानच्या कासुमिगाउरा सरोवरातल्या मायक्रोसिस्टिसवर हे तपासलं गेलंय. कायट्रिड नावाच्या बुरशा जिवंत शैवालांवर वाढतात, त्यांचे पोहणारे बीजाणू अगदी घासाच्या मापाचे आणि स्टेरॉलने भरलेले. डॅफ्निया ते आवडीने खातो. म्हणजे शैवालातली ऊर्जा थेट नाही, पण आडवाटेने वर जाते. फक्त प्रत्येक वळणावर गळती, त्यामुळे कटल्यापर्यंत पोचते ती थोडी.

गिट्टीखदानचा:

२०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी ओव्हरफ्लो झाला, आमच्या ओळखीच्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. एवढा पूर आला तर हे शेवाळ वाहून जात नाही का? तेवढाच फायदा.

थेंबभर:

वरचं जातं, काही दिवस पाणी मातकट दिसतं. पण त्याच पुरात गटारांचं पाणी आणि माती तलावात येते, आणि मायक्रोसिस्टिसचे पुंजके तळाच्या गाळातही पडून असतात. ऊन तापलं की वर येतात. डॅफ्नियाची टणक अंडीही त्याच गाळात असतात, पण त्यांना उबून वाढायला वेळ लागतो, तोवर थर तयार झालेला असतो. सांडपाणी वळवल्याशिवाय यातलं काही फारसं बदलत नाही, मग वरून काहीही टाका.

लेंडीनाला:

बाजारात 'तलाव स्वच्छ करणारे जिवाणू' मिळतात, त्यांचं काय?

थेंबभर:

आत काय आहे ते पाकिटावर नीट लिहिलेलं नसेल तर पैसे वाचवा.

मोइनावाला:

बरणीची टेस्ट केली. एका तलावाचं पाणी आणलं होतं (नाव लिहीत नाही, उगा राडा होईल), तासाभरात वर जाडसर हिरवं कडं. टबात टाकलं नाही. आता मला पण जाळी बनवायची आहे, तुम्ही वापरता तसं कापड कुठं भेटते?

थेंबभर:

प्लँक्टनची खास जाळी महाग पडते. स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्याकडे २०० मेशचं कापड मागा, भोक साधारण ७५ मायक्रॉनचं, सायक्लॉप्स आणि डॅफ्निया अडकतात, सुट्या पेशी निघून जातात. शंकूच्या आकारात शिवायचं, खाली छोटी बाटली बांधायची. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा, नाहीतर सगळे तिथेच चिकटतात. वापरून झाली की जाळी आणि हात साबणाने धुवा.

मोइनावाला:

बर्डीला बघतो उद्या.

जुना_बॅकबेंचर:

इतवारीत बघा, मीटरवर देतात. बर्डीवाला अख्खा ताका घ्या म्हणेल.